मंडळाच्या पैशांतून कम्युनिटी कॉलेजात शिकणाऱ्या आयांना मदत करायची आहे. फी भरावी की आणखी काही?

कढीपत्ता

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय, जरा पाल्हाळ लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या मंडळाने यंदा गणपतीत जमलेल्या पैशांतले ४,००० डॉलर मंडळाबाहेरच्या कामासाठी बाजूला काढलेत. (त्यावरून कमिटीत जे झालं त्यावर वेगळा धागा होईल.) मी गेली दोन वर्षं कॅलिफोर्नियात घराजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात दर बुधवारी संध्याकाळी गणिताची शिकवणी घेते, हौसेने. माझ्याकडे येणाऱ्यांत तिघी-चौघी कॅलवर्क्सवर आहेत, म्हणजे सरकारकडून महिन्याला थोडी रोख मदत मिळणाऱ्या. लहान मुलं, जोडीदार नाही. एकीचा चार वर्षांचा मुलगा टेबलाखाली बसून क्रेयॉनने खुर्चीचे पाय रंगवत असतो आणि वर आई अपूर्णांकांशी झटापट करत असते.

मी कमिटीत म्हटलं, दोघींची वर्षाची फी भरून टाकू. सगळ्यांना पटलं. मग त्या क्रेयॉनवाल्या मुलाच्या आईला जरा आडून विचारलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "फी? फी तर मला नाहीच." मग अडतं कुठे, असं विचारलं तेवढ्यात मुलाने रंग तोंडात घातला आणि विषय संपला.

तर अडतं कुठे? कोणी या बाजूने गेलं असेल किंवा काम केलं असेल तर सांगा.

टिल्लू_टवाळ

अपूर्णांकांशी झटापट आम्हीही करतो, आम्हाला कोण देतं ४,००० डॉलर? (हलके घ्या.)

मृद्गंध

पुण्याहून एक बाळबोध प्रश्न. कम्युनिटी कॉलेज म्हणजे नक्की काय? आपलं ज्युनिअर कॉलेज?

क्वीन्सकर

@मृद्गंध, नाही. दोन वर्षांची पदवी किंवा त्याहून छोटी सर्टिफिकिटं देणारं सरकारी कॉलेज. प्रवेशाला मार्कांची अट नाही. सकाळी सहाला आणि रात्री नऊलाही वर्ग. अठरा वर्षांचं पोरगं आणि त्याच्या आईच्या वयाची बाई एकाच बाकावर. दोन वर्षं इथे काढून पुढची दोन मोठ्या विद्यापीठात करता येतात. एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत.

दुर्वा

कढीपत्ता, मी एका काउंटीत (म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत) नऊ वर्षं कॅलवर्क्सची केसवर्कर होते, मदतीच्या फायली सांभाळणारी. आता सोडलं, त्यामुळे मोकळेपणाने लिहिते.

तुमची विद्यार्थिनी बरोबर हसली. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची फी युनिटला (आठवड्याला साधारण एक तास वर्ग म्हणजे एक युनिट) ४६ डॉलर आहे आणि कमी उत्पन्न असेल तर तीही माफ होते. त्यावर केंद्र सरकारची पेल ग्रँट, वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, आणि ती परत करायची नसते. तुम्ही फी भरली असती तर जिथे पाणी तुंबलंय तिथेच आणखी एक बादली ओतली असती.

अडतं ते असं. टर्म सोमवारी सुरू होते, पेलचे पैसे हातात यायला बरेचदा काही आठवडे जातात. दरम्यान पहिल्याच आठवड्यात प्राध्यापक सांगतात, गृहपाठ ऑनलाइन आहे, अ‍ॅक्सेस कोड घ्या. हा कोड म्हणजे शंभर-सव्वाशे डॉलरला विकत घ्यायचा पासवर्ड. जुनं पुस्तक सेकंडहँड मिळतं, कोड मिळत नाही. तो नसला की पहिले दोन गृहपाठ शून्य. आणि गणितात पहिले दोन शून्य म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

दुसरं, गाडी. माझ्या यादीतल्या ज्या बाया टर्म अर्धवट सोडायच्या त्यांतल्या कितीतरी जणी अभ्यास जमत नाही म्हणून नाही, बॅटरी गेली म्हणून सोडायच्या. सकाळी पाळणाघर गावाच्या एका टोकाला, कॉलेज दुसऱ्या, संध्याकाळची नोकरी तिसऱ्या. बसने हा त्रिकोण पुरा होत नाही.

तिसरं, कागद. ते नंतर लिहिते, डबे भरायचेत.

रोखठोक

विरोधी मत नोंदवतो. मी १९९८ मध्ये दोन सूटकेस आणि बँकेचं कर्ज घेऊन आलो. कोणी बॅटरी बदलून दिली नाही. चार हजारांत दोन गाड्या दुरुस्त होतील, पुढच्या वर्षी त्या पुन्हा बिघडतील. फुकट फी, वर ग्रँट, वर महिन्याची मदत, वर तुमचं मंडळ. थांबायचं कुठे? त्यापेक्षा आठ-दहा आठवड्यांचं नर्सिंग असिस्टंटचं सर्टिफिकेट घ्यावं आणि कामाला लागावं. आपल्या करातून चाललंय हे, म्हणून बोलतो.

पिंपळपान

@रोखठोक, इंजिनिअरिंगला कुठे होता? आणि वर्षाची फी किती होती तेव्हा?

रोखठोक

सरकारी कॉलेज. फी आठवत नाही, हजाराच्या आसपास असेल. प्रश्नाचा रोख कळला. तरी मुद्दा राहतोच.

टिल्लू_टवाळ

आयडी बदलून 'थोडंथोडंरोखठोक' करा आता.

क्वीन्सकर

रोखठोक म्हणतात ते नवीन नाही, १९९६ मध्ये त्याचाच कायदा झाला. २२ ऑगस्टला क्लिंटनने सही केली. आधी गरीब कुटुंबांना रोख मदतीची जुनी योजना होती, तिच्या जागी 'टॅनफ' आली. कॅलवर्क्स हे टॅनफचंच कॅलिफोर्नियातलं नाव. नवा नियम असा की आयुष्यात मिळून ६० महिनेच केंद्राच्या पैशातून मदत, आणि तीही काम करत असाल तर. 'काम' कशाला म्हणायचं याची यादी ठरली. त्या यादीत व्यवसायशिक्षण आहे, पण ते आयुष्यात फक्त १२ महिने मोजलं जातं. दोन वर्षांच्या पदवीला १२ महिने! लग्नाला बोलावून अर्ध्या पंगतीतून उठवल्यासारखं.

तेव्हा मी न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत रात्री अकाउंटिंग करत होतो. वर्गात मदतीवर असलेल्या बऱ्याच बाया होत्या. शहराने त्यांना पार्क झाडायला आणि ऑफिसं पुसायला लावलं, मदतीच्या बदल्यात काम म्हणून. नारिंगी जाकीट घालून झाडू मारायचा, तोच वेळ वर्गाचा. काही वर्षांत मदतीवर असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. माझ्या शेजारी बसणारी डॉमिनिकन बाई माझ्यापेक्षा हिशेबात पक्की होती. मार्चनंतर ती दिसली नाही. ते कामाचं खातं शहराने २०१६ पर्यंत गुंडाळलं, पण वीस वर्षं चाललं.

दुर्वा

आले. क्वीन्सकर, अगदी बरोबर, फक्त राज्याराज्यात फरक आहे तो सांगते, म्हणजे कढीपत्ताच्या कामाचं होईल.

केंद्राचा हिशेब तासांचा आहे. एकटी आई आणि मूल सहा वर्षांखालचं असेल तर आठवड्याला २० तास, मोठं असेल तर ३०. कॉलेजात बारा युनिट घेतली तर वर्गात बसायचे साधारण बारा तास. अभ्यास मोजायचा की नाही यावर वर्षानुवर्षं खल चालला. २००८ च्या नियमाने वर्गाच्या तासाला घरच्या अभ्यासाचा एक तास धरायची मुभा दिली. म्हणजे झाले चोवीस. मूल पाच वर्षांचं असताना आई पास, सहावा वाढदिवस झाला की सहा तास कमी! केक कापायचा की रडायचं?

कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून ही वाट बरीच मोकळी केली. पूर्णवेळ शिकत असाल आणि समाधानकारक पास होत असाल तर तास पुरे झाले असं धरतात. पण कायदा झाला म्हणून खिडकीवरच्या माणसाला माहीत असतो असं नाही. मी नोकरी सोडली तेव्हाही काही केसवर्कर वर्गाच्या हजेरीवर प्राध्यापकांच्या सह्या मागत होते. तीस वर्षांची बाई दोनशे मुलांच्या वर्गात सगळ्यांसमोर सहीचा कागद घेऊन उभी. त्या कागदावर मोठ्या अक्षरात काय लिहिलेलं असतं ते सगळ्यांना वाचता येतं.

आणि रोखठोक, तुमचा असिस्टंटच्या सर्टिफिकेटचा मुद्दा उडवून लावत नाही. काहींना तेच हवं असतं आणि त्यांनी तेच घ्यावं. पण मी त्याच बाया दोन-दोन वर्षांनी पुन्हा माझ्या खिडकीवर पाहिल्यात, कंबर गेलेली आणि पगार तिथल्या तिथे. नर्सिंगची दोन वर्षं पुरी केलेली बाई परत आलेली मला आठवत नाही. नऊ वर्षांत एकही नाही.

रोखठोक

@दुर्वा, हे मला माहीत नव्हतं. पण निम्म्या गळतात त्याचं काय? जी पूर्ण करते तिची गोष्ट आपण सांगतो.

गार्गी_डी

गळतात हे खरंच आहे. २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्याच हिशेबतपासनीस कार्यालयाचा अहवाल आला होता. पदवीपूर्व विद्यार्थ्यांत पाचात एकाहून जास्त जण आईबाप होते आणि त्यांतले निम्म्याहून थोडे जास्त पदवी न घेताच कॉलेज सोडून गेले. मूल नसलेल्यांत हे प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. पण यावरून 'मदत करू नका' निघतं की 'मदत चुकीच्या जागी जातेय'?

सिटी युनिव्हर्सिटीचाच 'असॅप' म्हणून कार्यक्रम आहे, २००७ पासूनचा. तो फक्त आईबापांसाठी नाही, पण त्यात फीबरोबर बस-मेट्रोचा पास, पुस्तकांचे पैसे आणि वारंवार भेटणारा सल्लागार देतात. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि मोजलं, तर तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. तीच मुलं, तेच मेंदू.

चकलीवाली

मी सहसा इथे फक्त पाककृतींत लिहिते. पण हा धागा तीन दिवस वाचतेय, आता राहवत नाही.

मी त्या टेबलाच्या पलीकडची आहे. गोष्ट बारा वर्षांपूर्वीची, मिडवेस्टमधलं राज्य, नाव नको. ग्रीनकार्ड येऊन जेमतेम वर्ष झालेलं आणि नवरा निघून गेला. मुलगी साडेतीन वर्षांची, इथेच जन्मलेली. माझी बी.कॉम.ची पदवी इथे कोणी वाचून बघेना. आईला फोनवर 'सगळं छान आहे' सांगत होते.

काउंटीत गेले तर कळलं, ग्रीनकार्ड मिळाल्यावर पाच वर्षं मला टॅनफ नाही, तेही त्याच १९९६ च्या कायद्याने. पण मुलगी इथली नागरिक, म्हणून तिच्या एकटीच्या नावाने थोडी रक्कम मिळू लागली. खिडकीवरच्या बाईंनी वाईट तोंड करून सांगितलं, "तुम्ही यात मोजल्याच जात नाही." मी घरी येऊन खूप रडले. आणि मग कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी तेच वाक्य ऐकून टाळी वाजवली! मी मोजली जात नव्हते म्हणून कामाच्या तासांची अट मला लागूच नव्हती. आणि पेल ग्रँटला पाच वर्षांची अट नाही, ग्रीनकार्ड पुरतं. म्हणजे ज्या दाराने मला हाकललं त्याच्याच बाजूची खिडकी उघडी होती. हे मला काउंटीत कोणी सांगितलं नाही. आपल्या मराठी लोकांत तर नाहीच, कारण मी विचारलंच नाही कोणाला. लाज.

मी क्ष-किरण तंत्रज्ञाचा दोन वर्षांचा कोर्स केला. अभ्यास अवघड नव्हता हो. अवघड होते सकाळचे साडेसहा. हॉस्पिटलातली ड्यूटी साडेसहाला सुरू आणि पाळणाघर उघडायचं सातला. अर्धा तास. दोन वर्षं मी त्या अर्ध्या तासाशी भांडले. खालच्या मजल्यावरच्या मेक्सिकन आजी मुलीला झोपेतच उचलून घ्यायच्या आणि सात वाजता पोचवायच्या. त्यांना मी काय देणार? दर रविवारी चकल्या. त्यांना त्या इतक्या आवडल्या की त्यांच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला मी चार किलो भाजणीच्या केल्या.

आज माझी मुलगी दहावीत आहे. मी त्याच गावात दुसऱ्या एका हॉस्पिटलात क्ष-किरण विभागात आहे.

कढीपत्ता, मला तेव्हा कोणी विचारलं असतं तुला काय हवं, तर मी 'अर्धा तास' म्हटलं असतं.

टिल्लू_टवाळ

चकलीवाली, तुमच्या भाजणीच्या धाग्यावर मी 'तेल जास्त पितात' अशी तक्रार केली होती. ती आज अधिकृतपणे मागे घेतो.

मनवा_ह्यूस्टन

चकलीवाली, _/\_

टेक्सासची स्थिती सांगते. इथे तिघांच्या कुटुंबाला टॅनफ महिन्याला ४०० डॉलरच्याही आत. त्यासाठी एवढे कागद की बऱ्याच जणी अर्जच करत नाहीत. देशभरात १९९६ मध्ये १०० गरीब कुटुंबांमागे ६८ कुटुंबांना ही मदत मिळायची, २०२० मध्ये २१. म्हणजे कढीपत्ता, तुमच्या वर्गात कॅलवर्क्सवर तिघी असतील तर तितक्याच गरीब पण कशावरच नसलेल्या आणखी कितीतरी असतील. मंडळाने फक्त मदतीवरच्याच शोधू नयेत.

जुनेजाणते

विषयांतर करतो, वयोमानाने अधिकार आहे. हे वाचून पार्वतीबाई आठवले आठवल्या. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात लहान मुलगा. बहीण बाया कर्व्यांनी पुण्याला नेलं, मुलाच्या शिक्षणाबरोबर यांचंही सुरू झालं. पुढे हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. १९१८ च्या सुमारास इंग्रजी शिकायला म्हणून थेट अमेरिकेत आल्या आणि लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. शंभर वर्षांपूर्वी मराठी एकटी आई अमेरिकेत भांडी घासून शिकत होती. रोखठोकांच्या दोन सूटकेसच्या आधी.

मृद्गंध

आजोबा, क्या बात है. इथलं एक जोडते. मी मुक्त विद्यापीठाच्या (नाशिकच्या, १९८९ चं) एका अभ्यासकेंद्रावर रविवारी शिकवते. येणाऱ्या बायांत अर्ध्या तरी आया आहेत, काही जणी मुलांना घेऊन येतात. फी भरतात बिचाऱ्या कशीबशी, हल्ली दोघी-तिघींनी लाडक्या बहिणीच्या दीड हजारांतून भरली. पण परीक्षा सासरच्या लग्नाच्या तारखेला आली की गैरहजर. त्याला कोणती ग्रँट द्यायची? तुमच्याकडे गाडीची बॅटरी, आमच्याकडे नणंदेचा मुहूर्त.

टिल्लू_टवाळ

नणंदेला जंपर केबल लावता येत नाही, हा मूलभूत फरक.

कढीपत्ता

मंडळी, मी भारावून गेले आहे. चकलीवाली, तुम्हाला वेगळं लिहिते.

दुर्वा, तुम्हाला दोन नेमके प्रश्न. एक, आम्ही पैसे हातात दिले तर चालतील का? दोन, बुधवारी संध्याकाळी मंडळातल्या दोघी काकू मुलं सांभाळायला तयार आहेत. कॉलेजला विचारलं तर विमा आणि परवान्याचं कारण सांगून नाही म्हणाले.

दुर्वा

एक. रोख देऊ नका. कॅलवर्क्समध्ये बाहेरून आलेली रोख रक्कम उत्पन्नात धरली जाऊ शकते आणि तेवढी मदत कापली जाते. म्हणजे तुमचे २०० डॉलर तिच्याकडून काउंटीला. वर तिने कळवलं नाही तर तिच्यावरच बालंट. थेट गॅरेजला, थेट पुस्तकांच्या दुकानाला द्या, आणि तरीही त्यांना केसवर्करला आधी विचारायला सांगा. कॉलेजात 'केअर' नावाचा कार्यक्रम आहे का पाहा. तो १९८२ पासून याच कामासाठी आहे, मदतीवर असलेल्या एकट्या पालकांसाठी. त्यांच्याकडे पेट्रोलची कार्डं, जेवणाची कुपनं असतात. बऱ्याच मुलींना ते ऑफिस कोणत्या इमारतीत आहे तेच माहीत नसतं. तुम्ही बुधवारी तिथपर्यंत चालत सोबत गेलात तरी मोठं काम, आणि त्याला डॉलर लागत नाहीत.

दोन. कॉलेजचं बरोबर आहे, रागावू नका. पण काकूंनी उलट्या बाजूने जावं. कॅलवर्क्सवरच्या आईला मूल सांभाळायला नातेवाईक किंवा शेजारीण ठेवता येते आणि त्यांना त्याचे पैसे काउंटीकडून मिळतात. आजी, मावशी, काका असे जवळचे नसतील तर 'ट्रस्टलाइन'वर नोंदणी करायची, बोटांचे ठसे देऊन. चकलीवालींच्या मेक्सिकन आजींना हे कोणी सांगितलं असतं तर... असो, ते राज्य वेगळं होतं.

चकलीवाली

त्यांनी पैसे घेतले नसते. पण विचारायला हवं होतं कोणीतरी.

रोखठोक

मी अजूनही म्हणतो की हे सगळं सरकारने एकाच खिडकीवर करायला हवं, मंडळांनी नव्हे. पण माझ्या गराजमध्ये गाडीचा बिघाड वाचणारा कोड रीडर, टॉर्क रेंच, जॅक सगळं आहे आणि शनिवारी मी रिकामा असतो. कढीपत्ता, तुम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या कोणत्या बाजूला?

पिंपळपान

सूर्य पश्चिमेला उगवला. वाचनखूण साठवली.

कढीपत्ता

सहा आठवड्यांनी अपडेट देते, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून.

फीची कल्पना बाद. १,५०० डॉलर अ‍ॅक्सेस कोडसाठी, कॉलेजच्या पुस्तक-दुकानातच खातं उघडून. टर्मच्या पहिल्या आठवड्यात वापरायचे, पेलची वाट न बघता. उरलेले गाडी आणि बसपाससाठी. केअरचं ऑफिस सापडलं, ज्या इमारतीत मी दोन वर्षं पार्किंगची पावती घेत होते तिच्याच दुसऱ्या मजल्यावर! तिथल्या बाईंनी आमच्या एका विद्यार्थिनीला कॅम्पसवर कामही मिळवून दिलं, ग्रंथालयात, आणि त्या पगाराने तिची मदत कापली जाणार नाही. आमच्या खजिनदार काकूंनी तीनदा खात्री केली. ट्रस्टलाइनला एका काकूंचे ठसे दिले गेले, दुसऱ्यांचे वयामुळे मशीनला उमटतच नाहीत, परत बोलावलंय.

क्रेयॉनवाल्या मुलाच्या आईला मिडटर्ममध्ये ८१ मिळाले. गाडीचे पुढचे दोन्ही टायर गेले होते. रोखठोक शनिवारी खरंच आले, ब्रेक बघून दिले फुकट, टायर मात्र दुकानातून बसवले. बिल ३१२ डॉलर. आता खजिनदार विचारतायत, मंडळाच्या वहीत 'टायर' असं खातं नाही, हे 'सांस्कृतिक कार्यक्रम'मध्ये टाकू का?

टिल्लू_टवाळ

'रथयात्रा'त टाका.